प्रकाशाची मोजदाद : छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची कहाणी

गेल्या पावसाळ्यात घरातील जुने कपाट आवरताना वरच्या खणात दोन वस्तू एकाच वेळी हाती लागल्या. एक होता आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम : काळ्या जाड पानांचा, दोन पानांमध्ये पातळ पारदर्शक कागदाचा पडदा असलेला. छायाचित्रे किंचित पिवळी पडली होती, पण चेहरे अजून स्वच्छ होते. दुसरी वस्तू म्हणजे रुपेरी रंगाचा, साबणाच्या वडीएवढा डिजिटल कॅमेरा. थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या आधी, २००४ साली, तो मोठ्या हौसेने विकत घेतला होता. अल्बम उघडला आणि पाहता आला. कॅमेऱ्याचे बटण दाबले, तर काहीच झाले नाही. बॅटरी केव्हाच निकामी झाली होती आणि चार्जर कुठे गेला ते कोणालाच आठवत नव्हते. आत मात्र टपालाच्या तिकिटाएवढे एक कार्ड होते आणि त्या कार्डात आईची अखेरच्या वर्षांतील छायाचित्रे असावीत, एवढे आम्हांला पक्के ठाऊक होते.

साठ वर्षांपूर्वीचे चित्र पान उलटताच बोलू लागते आणि वीस वर्षांपूर्वीचे मुके राहते, हे कसे? या प्रश्नाचा मागोवा घेता घेता या छोट्या यंत्राचा इतिहास उलगडत गेला. तो जितका विज्ञानाचा आहे, तितकाच माणसांच्या धाडसाचा आणि धास्तीचाही आहे.

फिल्मचे राज्य

छायाचित्र घ्यायचे म्हणजे तीन कामे करावी लागतात. प्रकाश पकडायचा, त्याची नोंद करायची आणि ती नोंद जपून ठेवायची. फिल्मचे वैशिष्ट्य असे, की ही तिन्ही कामे ती एकटीच करीत असे. जिलेटिनच्या पातळ थरात रुप्याच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असत. भिंगातून आलेला प्रकाश त्यांवर पडला, की त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारा बदल घडे. अंधाऱ्या खोलीत रसायनांत बुडवल्यावर तो बदल काळ्या रुप्याच्या रूपाने प्रकट होई आणि निगेटिव्ह तयार होई. निगेटिव्ह सांभाळली, की चित्र सांभाळले गेले.

सामान्य माणसाच्या हाती ही विद्या दिली ती अमेरिकेतील रॉचेस्टर शहराच्या जॉर्ज ईस्टमन यांनी. १८८८ साली त्यांनी २५ डॉलर किमतीचा कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यात १०० चित्रांची गुंडाळी भरलेली असे. चित्रे संपली, की ग्राहकाने सबंध कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. तेथे चित्रे धुऊन, छापून, नवी गुंडाळी भरून तो परत येई. कॅमेरा हे या व्यवसायाचे केवळ प्रवेशद्वार होते. खरी मिळकत होती ती पुनःपुन्हा लागणाऱ्या फिल्मची, छपाईच्या कागदाची आणि रसायनांची. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढच्या साऱ्या घटनांचे मूळ तिच्यात आहे.

आपल्याकडे रोल आला तो छत्तीस चित्रांचा. छत्तीस म्हणजे छत्तीस. दैव बरे असले तर सदतिसावे. म्हणून लग्नकार्यात प्रत्येक चित्र मोजून घेतले जाई. रोल धुऊन येईपर्यंत कोणाचे डोळे मिटले आणि कोणाचे डोके कापले गेले, हे कळण्याची सोय नव्हती. त्या प्रतीक्षेतही एक गोडी होती, पण परतीची वाट नव्हती हेही खरे.

घमेल्यांची रांग

प्रकाशाचे रूपांतर विजेत होऊ शकते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच ध्यानात आली होती. १९०५ साली आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी तिची उपपत्ती मांडली : प्रकाश हा जणू कणाकणांनी येतो आणि प्रत्येक कण धातूतून एखादा इलेक्ट्रॉन मोकळा करू शकतो. याच कार्यासाठी पुढे त्यांना १९२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकाश कणांनी येत असेल तर तो मोजताही यावा, ही पुढच्या शोधाची बीजकल्पना.

ती प्रत्यक्षात उतरली अगदी अनपेक्षित वाटेने. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेची वास्तू आहे. तेथे १७ ऑक्टोबर १९६९ रोजी विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ हे दोन शास्त्रज्ञ फळ्यासमोर उभे राहिले आणि तासाभरात त्यांनी एका नव्या चिपचा आराखडा मांडला. त्यांना कॅमेरा बनवायचा नव्हता. संगणकासाठी माहिती साठवणारे नवे साधन त्यांना हवे होते. आठवण ठेवण्यासाठी योजलेले हे साधन पाहण्याच्या कामी अधिक उपयोगी आहे, हे लवकरच उमगले. त्याला सीसीडी असे नाव पडले.

त्याचे कार्य एका ओळखीच्या दृश्यावरून समजून घेता येईल. घराचा स्लॅब पडत असताना मजूर रांगेत उभे राहतात आणि भरलेली घमेली हातोहात पुढे देतात. कोणीही आपली जागा सोडत नाही, तरी माल टोकापर्यंत पोहोचतो. सीसीडीच्या सिलिकॉनच्या तुकड्यावर अशीच हजारो, लाखो सूक्ष्म घरे रांगांनी मांडलेली असतात. त्या घरांना पिक्सेल म्हणतात. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडली, की भिंगातून आलेला प्रकाश या घरांवर पडतो. जेथे प्रकाश अधिक तेथे अधिक इलेक्ट्रॉन जमा होतात, जेथे सावली तेथे थोडे. झडप मिटल्यावर प्रत्येक घरातील विद्युतभार शेजारच्या घरात, तेथून पुढच्या घरात असा सरकत कडेला येतो. कडेला एक मापारी बसला आहे असे समजावे. प्रत्येक घमेल्यात किती माल होता, हे तो वहीत लिहितो. काळोखासाठी शून्य, लख्ख उजेडासाठी २५५ आणि मधल्या छटांसाठी मधले आकडे. डिजिटल छायाचित्र म्हणजे ही आकड्यांची वही. त्यात चेहरा नसतो. चेहऱ्यावरून परतलेल्या प्रकाशाचा हिशेब असतो.

येथेच फिल्मची एकसंधता मोडली. प्रकाश पकडणारी चिप निराळी, नोंद करणारा मापारी निराळा आणि ती वही जपण्याची जागाही निराळी. तिन्ही कामांना स्वतंत्र इतिहास सुरू झाला.

रॉचेस्टरमधील तो डिसेंबर

१९७३ साली स्टीव्हन सॅसन हा तरुण विद्युत अभियंता कोडॅक कंपनीत रुजू झाला. त्याचे वरिष्ठ गॅरेथ लॉइड यांनी नव्याने बाजारात आलेल्या सीसीडी चिपचा काही उपयोग होतो का, हे पाहण्याचे काम त्याच्यावर सोपवले. काम लहान होते आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. सॅसनने घरगुती चलच्चित्र कॅमेऱ्याचे टाकाऊ सुट्या भागांतले भिंग उचलले. त्यामागे १०० ओळी आणि प्रत्येक ओळीत १०० घरे असलेली चिप बसवली. १६ बॅटऱ्या, अर्धा डझन विद्युत-फलक आणि चित्र साठवण्यासाठी एक कॅसेट रेकॉर्डर जोडला. सुमारे साडेतीन किलो वजनाचे ते यंत्र पाव भाजण्याच्या टोस्टरएवढे दिसत होते.

१९७५ सालच्या डिसेंबरमध्ये शेजारच्या दालनातील एका सहकारी युवतीला समोर बसवून त्याने बटण दाबले. चित्र पकडण्यास सेकंदाचा विसावा भाग लागला. कॅसेटच्या फितीवर ते उतरण्यास मात्र २३ सेकंद लागले. मग फीत दुसऱ्या यंत्रात घालून टीव्हीच्या पडद्यावर चित्र पाहिले, तर केसांची काळी कड आणि मागची पांढरी भिंत स्पष्ट, पण चेहऱ्याच्या जागी नुसती गिचमीड! अजून बरेच काम बाकी दिसते, अशा अर्थाचे काहीसे बोलून ती युवती निघून गेली. काही तारा उलट्या क्रमाने जोडल्या गेल्या होत्या. त्या सरळ केल्यावर चेहरा प्रकट झाला. फिल्मविना घेतलेले, हातात धरता येण्याजोग्या डिजिटल कॅमेऱ्याचे हे पहिले छायाचित्र मानले जाते.

१९७६ साली सॅसनने हे यंत्र कंपनीतील निरनिराळ्या अधिकाऱ्यांना दाखवले. यंत्र कसे चालते, हे त्याला फारसे कोणी विचारले नाही. प्रश्न वेगळेच होते. आपली छायाचित्रे टीव्हीवर पाहावीत असे कोणाला वाटेल? ती ठेवायची कोठे? विजेवर चालणारा अल्बम दिसेल तरी कसा? आणि हे सारे लोकांच्या उपयोगाचे व्हायला किती काळ लागेल? सॅसनने हिशेब करून पंधरा ते वीस वर्षे सांगितली. १९७८ साली पेटंट मिळाले आणि यंत्र कपाटात गेले.

कंपनीला दृष्टी नव्हती, असा शेरा मारून मोकळे होणे सोपे आहे. पण तो पुरता न्याय ठरणार नाही. ज्यांची भाकरी फिल्म, कागद आणि रसायने यांवर चालते, त्यांनी स्वतःच्या हाताने ते झाड तोडावे, अशी अपेक्षा करणे कठीण. शोध लावण्यास बुद्धी पुरते. तो स्वीकारण्यास काहीतरी सोडून द्यावे लागते आणि तेथे भलेभले थबकतात.

रंग, गणित आणि स्मृती

सीसीडीची घरे प्रकाश मोजतात, पण त्यांना रंग कळत नाही. यावर तोडगा काढला तो कोडॅकमधीलच ब्राइस बायर या शास्त्रज्ञाने. १९७६ साली त्याचे पेटंट झाले. चिपवर त्याने रंगीत काचेसारखे सूक्ष्म पडदे चौकटीचौकटीने मांडले : निम्म्या घरांवर हिरवे, पाव घरांवर तांबडे आणि पाव घरांवर निळे. हिरवा दुप्पट, कारण उजेडाचे बारकावे मानवी डोळा हिरव्या प्रकाशात अधिक टिपतो. प्रत्येक घर एकच रंग मोजते. उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून अनुमानाने भरून काढले जातात. म्हणजे आपल्या रंगीत छायाचित्रातील बराचसा रंग मोजलेला नसून शेजाऱ्यांना विचारून ठरवलेला असतो. आजही बहुतेक डिजिटल कॅमेरे हीच मांडणी वापरतात.

आकडे मिळाले, पण ते इतके की ठेवायला जागा पुरेना. येथे आपल्या देशाच्या मातीशी नाते सांगणारा एक धागा येतो. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेतील कॅन्सस राज्यात प्राध्यापक होते. चित्रातील आकड्यांचे रूपांतर चढउतारांच्या लहरींत करावे आणि डोळ्याला न जाणवणाऱ्या बारीक लहरी वगळाव्यात, अशी गणिती रीत त्यांना सुचली. तिच्यासाठी त्यांनी सरकारी अनुदान मागितले, ते नाकारले गेले. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. १९९२ साली जगभर मान्य झालेली जेपेग ही चित्र साठवण्याची पद्धत याच गणितावर उभी आहे.

आकडे साठवण्याची जागा दिली जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी. १९८४ साली त्यांनी वीज गेली तरी माहिती न विसरणारी चिप जगापुढे मांडली. सारी माहिती एका झटक्यात पुसता येते, हे पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तिला फ्लॅश स्मृती हे नाव मिळाले. नावापुरते असलेले हे नाते पुढे प्रत्यक्षात उतरले.

खिशात मावणारा चित्रकार

१९८१ साली सोनी कंपनीने माव्हिका नावाचा कॅमेरा दाखवला. तो छोट्या चुंबकीय तबकडीवर चित्रे साठवी. पण त्याची नोंद आकड्यांत नव्हती, टीव्हीच्या संकेतांत होती. म्हणून त्याला डिजिटल म्हणता येत नाही. १९८८ साली फुजी कंपनीने चित्रे आकड्यांत साठवून स्मृतिकार्डावर ठेवणारा डीएस-१पी जर्मनीतील कलोन येथील प्रदर्शनात मांडला. १९९० साली अमेरिकेत आलेला डायकॅम फक्त कृष्णधवल चित्रे घेई. १९९४ सालचा ॲपल कंपनीचा क्विकटेक उत्तम प्रतीची आठच चित्रे साठवी आणि ती घेतल्यावर कॅमेऱ्यात पाहण्याची सोय नव्हती. हा कॅमेरा ॲपलसाठी बनवून दिला होता कोडॅकने!

खरे वळण आले १९९५ साली. घड्याळे आणि गणकयंत्रे बनवणाऱ्या जपानच्या कॅसिओ कंपनीने क्यूव्ही-१० हा छोटा कॅमेरा ६५,००० येनांना विकायला काढला. या कंपनीचा १९८७ सालचा असाच एक प्रयत्न साफ फसला होता. तरी तिच्या अभियंत्यांनी चिकाटी सोडली नाही. क्यूव्ही-१० ची चित्रे काही सुरेख नव्हती. चिपवर अवघे अडीच लाख पिक्सेल होते. पण पाठीमागे १.८ इंचांचा रंगीत पडदा होता. चित्र घ्यायचे, तेथल्या तेथे पाहायचे, आवडले नाही तर पुसायचे. शंभर वर्षांची प्रतीक्षा त्या इवल्याशा पडद्याने संपवली आणि सॅसनचा वीस वर्षांचा हिशेबही अचूक ठरवला.

त्यानंतरचा काळ या छोट्या कॅमेऱ्याच्या भरभराटीचा. कॅननचा २००० सालचा डिजिटल इक्सस २० लाख पिक्सेलांसह सहज खिशात मावत होता. पुढे दर वर्षी पिक्सेल वाढत गेले आणि ‘किती मेगापिक्सेल?’ हाच दुकानातला पहिला प्रश्न झाला. पण आकड्याचा हा मोह काहीसा फसवा होता. फिल्मची एक चौकट ३६ × २४ मिलिमीटर. छोट्या कॅमेऱ्यातील चिप अदमासे ६ × ४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे पस्तीसपट लहान. एवढ्याशा अंगणात घरांची संख्या वाढवली, तर प्रत्येक घर आक्रसते आणि त्याच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. म्हणूनच संध्याकाळच्या समारंभातील चित्रे अधिक मेगापिक्सेल असूनही दाणेदार, मळकट येत.

बटण अर्धे दाबून थांबा, असे विक्रेता सांगे, त्यालाही कारण होते. त्या अर्ध्या दाबात कॅमेरा भिंग मागेपुढे सरकवतो, चित्रातील कडा कोठे सर्वांत तीक्ष्ण होतात ते तपासतो, उजेड मोजतो आणि झडप किती वेळ उघडी ठेवायची ते ठरवतो. एका दमात बटण दाबणाऱ्याच्या चित्रात धावते मूल चौकटीबाहेर गेलेले असे.

उतरती सावली

याच सुमारास दुसरीकडे एक वेगळे बीज रुजत होते. अमेरिकेच्या अंतराळ संशोधनातील एरिक फॉसम यांनी १९९० च्या दशकात यानांतील कॅमेरे लहान आणि कमी वीज खाणारे व्हावेत म्हणून नव्या धर्तीची सीमॉस चिप विकसित केली. तिच्यात घमेल्यांची रांग नाही. प्रत्येक घरापाशीच मापाचे साधन असते. अंतराळासाठी केलेली ही काटकसर मोबाइल फोनला नेमकी मानवली. २००० साली जपानमध्ये कॅमेरा असलेला शार्प कंपनीचा फोन आला आणि २००७ नंतर स्मार्टफोनने सारे चित्र पालटले.

जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या मोजणीप्रमाणे २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; त्यांतील बहुतेक छोटे होते. २०२३ साली ही एकूण संख्या ७७ लाखांच्या आसपास होती आणि त्यांत छोटे कॅमेरे १७ लाखांच्या घरात. क्यूव्ही-१० घडवणाऱ्या कॅसिओने २०१८ साली छोटे कॅमेरे बनवणे थांबवले. त्याआधी, १९ जानेवारी २०१२ रोजी, कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. ज्या घरात डिजिटल कॅमेरा जन्मला, त्या घराची ही अवस्था झाली. संशोधकांचा सन्मान मात्र झाला. बॉइल आणि स्मिथ यांना २००९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला; सॅसन यांना २०१० साली अध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळाले.

फिल्मच्या निरोपाचा एक क्षण आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. २००९ साली कोडॅकने कोडाक्रोम ही आपली प्रख्यात रंगीत फिल्म बंद केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या हाती देण्यात आला. त्यातील छत्तीस चित्रांपैकी काही त्यांनी मुंबईत, चित्रपट-कलावंतांची घेतली आणि काही राजस्थानातील रबारी लोकांची. २०१० सालच्या जुलैत कॅन्सस राज्यातील एका लहान गावात तो रोल धुतला गेला. जगभर हिंडून मोजून घेतलेली छत्तीस चित्रे! आज एखाद्या साखरपुड्यात तेवढी चित्रे पहिल्या पाच मिनिटांत घेतली जातात.

उरलेले तिसरे काम

आता आमच्या कपाटातील कॅमेऱ्याकडे वळू. ते कार्ड घेऊन मी जवळच्या स्टुडिओत गेलो. तेथल्या तरुणाने ते संगणकाला जोडले. १८७ छायाचित्रांची यादी दिसली. त्यांतील ३१ काही केल्या उघडेनात. फ्लॅश स्मृतीत आकडे म्हणजे शेवटी कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉनच. वर्षानुवर्षे कार्ड नुसते पडून राहिले, तर ते हळूहळू झिरपू शकतात. काळ्या पानांचा अल्बम पिवळा पडतो, पण फिकट चेहराही ओळखता येतो. आकड्यांची वही फाटली, तर पुष्कळदा सारे पानच जाते.

बाकीच्या चित्रांत आई होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी नातीला मांडीवर घेऊन बसलेली, ओट्यावर मासे साफ करणारी आणि एका चित्रात ‘पुरे आता’ म्हणून कॅमेऱ्यासमोर हात आडवा धरणारी. हे शेवटचे चित्र छत्तीसच्या रोलवर कोणी घेतलेच नसते. ते वाया गेले असे म्हटले असते. म्हणून डिजिटल कॅमेऱ्याला दोष द्यायला मन धजत नाही. मोजणीतून आम्हांला सोडवून त्याने आईचा हा सहज क्षण आमच्या पदरात टाकला.

मात्र १९७६ साली रॉचेस्टरच्या अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न आजही आपल्यासमोर आहे : ती ठेवायची कोठे? प्रकाश पकडण्याचे काम चिपने पत्करले, नोंद करण्याचे गणिताने. जपण्याचे काम पूर्वी फिल्म न सांगता करीत असे. ते आता घरातल्या माणसांवर आले आहे आणि बहुतेक घरांत ते कोणाचेच नाही. चित्रांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणे, काही वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवणे आणि निवडक चित्रे कागदावर छापून घेणे, एवढे केले तरी पुरे.

आम्ही त्या १५६ चित्रांतून बारा निवडली आणि छापून घेतली. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने नाव, ठिकाण आणि तारीख लिहिली. आईवडिलांच्या लग्नाच्या अल्बममध्ये शेवटची चार काळी पाने कोरी होती. आता ती कोरी नाहीत.